सलीमच्या काखेतलं प्रोटीन

आमच्या कोल्हापूरच्या लॅबमधला सलीम तुम्ही बघायलाच पायजे होता. एकदा नळ्यांतल्या प्रोटीनमध्ये पाचक एन्झाइम घातलं आणि लाइट गेली. ते पचायला अंगाएवढी ऊब लागते, आणि इन्क्युबेटर तर गार पडायला लागला.

"अंगाएवढीच पायजे न्हवं? मग अंगच हाय की!" म्हणत सलीमनं नळ्या उजव्या काखेत धरल्या. संध्याकाळपर्यंत हात हलवला नाही. मिसळ मी भरवली.

लॅबच्या मॅडम आल्या. "हात मोडला का रे?"

"न्हाय मॅडम, पचन चाललंय."

मग लाइट गेली की हीच रीत पडली.

आता सलीम परदेशात असतो आणि माझ्या लॅबला इन्व्हर्टर आहे. परवा लाइट गेली, तर पोरांनी मानसुद्धा वर केली नाही. मी मात्र सवयीनं मिसळ मागवली. भरवायला कोणी नव्हतं.