सुलभाताईंच्या बाटलीतला रस

नाताळच्या आधीचा शनिवार, संध्याकाळची वेळ, आणि मी ओट्याशी प्रभुभोजनाचे पेले धूत होते, ते अंगठ्याएवढे काचेचे पेले, दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये त्यातून रस द्यायचा. रस मनुकांचा हं, वाइन नाही. आमच्या चर्चच्या बायकांचा संघ आहे, पांढरी फीत लावतो, घरोघरी जाऊन दारू-तंबाखू सोडायची शपथ देतो. मी भांडुपचीच, माझी आई त्या संघात होती, रस करायला मी तिच्याकडूनच शिकले, आणि लग्न झालं कुणाशी, तर पिणाऱ्याशी. काय सांगू तुम्हाला, वीस वर्षं सांगितलं ह्यांना, सोडा, सोडा, रडून झालं, भांडून झालं, बाटल्या ओतून झाल्या. हे ढिम्म. आणि मुलुंडहून ही सुलभाताई आली, संघाची नवी अध्यक्ष, कडक इस्त्रीची साडी, गोड बोलणं, एकदा चहाला बसली, म्हणाली दानिएलभाऊ, ह्या बहिणीसाठी सोडाल का? आणि ह्यांनी सोडली! ईस्टरपासून थेंब नाही. आनंद झाला ना, का नाही होणार. पण चर्चमध्ये साक्ष द्यायला उभे राहिले आणि आभार कुणाचे, तर सुलभाताईंचे. मी तिथेच, त्यांच्या शेजारी बसलेली. वर माझं रसाचं कामही तिने घेतलं, म्हणे तू दमतेस गं, पेले तेवढे धू.

तर तिने भरलेली बाटली पेल्यांबरोबर माझ्याकडेच आली होती. झाकण उघडलं, तर फस्स. नाक लावलं. तो वास मी झोपेतही ओळखेन. बाईने रस आधीच करून बाहेर ठेवलेला, आपली हवा ही अशी, आंबणारच. म्हटलं झकास, उद्या वाट लागू दे हिची, शपथ देणारीच्या हातची दारू. खरं सांगते, झाकण परत लावलं मी. तेवढ्यात बाहेरून हे विचारतात, अगं, ताईंचा रस आला का? आला, म्हटलं. आणि मग डोक्यात आलं, उद्या तो पेला हेही तोंडाला लावणार. एक घोट पुरे होता ह्यांना.

सकाळी उठले, बाटली मोरीत ओतली, घरातल्या मनुका उकळल्या, चुरून गाळल्या, रस तिच्याच बाटलीत भरून चर्चला नेला. पेला खाली ठेवताना हे कानाशी पुटपुटले, ताईंच्या हाताला काय चव आहे गं. मी म्हटलं, गोड जरा जास्तच झालाय, आणि पेले गोळा करायला उठले.