चुकलेल्या टाळाला उत्तर

मंडळी, एक विचारतो. आपण एक चूक केली की गेलेलं माणूस परत येतंय, असं झालं तर ती चूक सुधाराल? लगेच माना हलवू नका. आधी ऐका.

सखाहरी टाळकरी अंगणात मुलांपुढे टाळ घेऊन बसलेला, तेवढ्यात निरोप आला — रत्नप्रभा दवाखान्यात वारली. बायको त्याची. शाळेत इंग्रजी शिकवायची. हा चौथी नापास, पण मुलांकडून इंग्रजी शब्द घोकून घ्यायला तिनं यालाच कामाला लावलेलं. "अहो, लांब शब्दाला घाबरायचं नाही. तुकडे करायचे. एकेका तुकड्याला हलका टाळ, जोर येईल तिथं खणखणीत." ए-ज्यु-के-शन. जोर 'के'वर. हसता काय? तुम्ही सगळे 'ए'वर आपटता, ठाऊक आहे मला.

तेरावं झालं. तालुक्याला वाचनाची परीक्षा होती, म्हणून मुलं पुन्हा आली. सखाहरीचा हात चुकला. जोर 'ए'वर पडला.

आणि आत, रिकाम्या घरात, टाळ वाजला. हलका, हलका, खणखणीत, हलका.

मुलांना काही ऐकू आलं नाही. ती चुकीचंच घोकत राहिली. सखाहरी आत गेला. चूल थंड. टाळांचा दुसरा जोड खुंटीला. हात लावला — कोमट!

दुसऱ्या दिवशी त्यानं बरोबर वाजवलं. आत सामसूम. मग मुद्दाम चुकवलं. लगेच उत्तर आलं. तुम्ही काय केलं असतं? त्यानंही तेच केलं. रोज शब्द बिघडवायचे आणि कान दाराकडे लावायचे.

मग एकदा मंगल नावाची पोर रडवेली होऊन आली. "काका, नवे गुरुजी म्हणाले, असं कुणी शिकवलं? मी म्हटलं, बाईंनी. सगळा वर्ग बाईंना हसला."

सखाहरीनं टाळ पुढ्यात ओढला. मग म्हणाला, "बस. पहिल्यापासून घेऊ."

एकेक शब्द सुधारत गेला, तसा आतला टाळ लांब लांब जाऊ लागला. आता एकच उरलाय — युनिव्हर्सिटी. जोर 'व्हर्'वर, हे त्याला पक्कं माहीत आहे. पण तिथं आला की हात थांबतो. आत कुणीतरी वाट बघत उभं असल्यासारखं वाटतं.

मंडळी, आपण गेलेल्यांना धरून बसतो, आणि त्याची झळ कुणाला लागते, ते घरी जाऊन बघा.

परीक्षा सोमवारी आहे. तो शब्द मंगलला अजून शिकवायचा राहिला आहे.