घासलेली कवळी

स्वप्ना : या नमुन्याच्या दातांतली सगळ्यात पांढरी छटा कुठली? ही ना? मग आईला हीच दे.

करुणा : अगं, ही छटा विशीतल्या पोरांना शोभते. मावशींच्या तोंडात ती बाथरूमच्या टाइल्ससारखी दिसेल.

स्वप्ना : दिसू दे. पांढरी असली की एवढासा डाग पडला तरी लगेच कळेल. ही जुनी कवळी आधीच इतकी पिवळी पडलीय की त्यावर आज काय लागलं आणि काल काय लागलं, काही समजतच नाही.

करुणा : काय लागलं म्हणजे?

स्वप्ना : मिश्री. युनिव्हर्सिटीपासूनची मैत्रीण तू, तुझ्यापासून काय लपवायचं. आई अजून मिश्री लावते. चोरून.

पद्मा : न्हाई लावत.

स्वप्ना : आई, प्लीज. निदान करुणासमोर तरी नको. ती रोज कवळ्या बनवते, तिला बघूनच कळणार.

करुणा : मावशी, बोलू नका जरा. कवळी बाहेर आहे, हिरड्या कोरड्या पडतील. घोटभर पाणी घ्या.

स्वप्ना : तुला वाटत असेल, ही किती मागे लागते आईच्या. पण मी बघितलंय गं. थोरली मावशी त्या मिश्रीनेच गेली. शेवटी गालाला भोक पडलं होतं. मी पाणी पाजायला बसायचे आणि पाजलेलं अर्धं पाणी उशीवर. मी तेव्हा शाळेत होते. अजून पाण्याचा ग्लास कोणाच्या तोंडाला लावायचा म्हटलं की मी तो दुसऱ्याच्या हातात देते.

करुणा : पण इथे सिडनीत मिळते कुठे मिश्री?

स्वप्ना : मिळते सगळं. इंडियाहून कोणी आलं की मसाल्याच्या पिशवीतून पुड्या येत असणार. वीकेंडला हिच्या ओळखीच्या बायका जमतात ना, त्यातलीच कोणीतरी देत असेल. मी घरातला एकेक ड्रॉवर बघितलाय, सापडत नाही. पण डाग काही जात नाहीत. अरे देवा, बाहेर पार्किंगचा दंड लावणारा रेंजर फिरतोय वाटतं. माझी गाडी लोडिंग झोनमध्ये आहे. मी हलवून आलेच, तोवर तू माप घे.

(स्वप्ना गाडीची किल्ली घेऊन घाईने बाहेर जाते.)

करुणा : मावशी, एक विचारू? तुम्ही कवळी कशाने घासता?

पद्मा : बुरूशनं.

करुणा : ब्रशने इतके खोल ओरखडे येत नाहीत. या भिंगातून बघा. सगळीकडे रेघाच रेघा. समोरच्या दातांच्या तर कडासुद्धा गेल्यात. दाढा सपाट झाल्यात. पाच वर्षांत कवळी झिजते, पण एवढी नाही.

पद्मा : तिला सांगणार न्हाईस ना?

करुणा : तुमच्या तोंडातली गोष्ट आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय नाही सांगणार.

पद्मा : भांडी घासायची तारेची घासणी असती बघ, तिनं घासते. आन बाथरूमचं ते पांढरं क्रीम लावते वर.

करुणा : बाथरूमचं? रोज?

पद्मा : सकाळी स्वप्ना शिफ्टला गेली की एकदा. आन संध्याकाळी ती यायच्या आत एकदा. ती आली की आधी माझ्या तोंडाकडं बघती. बोलत न्हाई, नुसतं बघती. मग मी जोर लावून घासते. एकदा नख उलटलं.

करुणा : मावशी, हे दात म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिकच. वरून गुळगुळीत असतात तोवर डाग फारसा धरत नाहीत. घासणीने चरे पडले की चहा, हळद, काढा, सगळं त्या चऱ्यांत जाऊन बसतं. तुम्ही जेवढं जास्त घासलंत, तेवढे ते जास्त काळवंडले.

पद्मा : म्हंजे माझ्याच हातानं झालं?

करुणा : तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

पद्मा : काळा चहा सोडला मी. तुला ठाव हाय, त्याच्याबिगर माझं डोकं उठतं. तरी सोडला, त्याच्या जागी काढा घेते. माझ्या वाटणीच्या भाजीत हळद घालीत न्हाई. घासायची, आन आरशात बघायची, तर कालच्यापरीस आज ज्यादा. मला वाटाय लागलं, आतून रक्तातनंच येतंय काय काळं.

करुणा : आणि मिश्री?

पद्मा : तू पण विचारतीस?

करुणा : एकदाच विचारते. तुम्ही सांगाल ते खरं.

पद्मा : इकडं यायच्या आदल्या दिशी आमच्या वस्तीतल्या विहारात गेले. पंचशील म्हणलं आन बाहेर येऊन डबी गटारात सोडली. त्यानंतर बोटाला लावली न्हाई. विमानात तलफेनं सारखी चुळबुळ करीत व्हते, ती शेजारची गोरी बाई खुणेनं म्हणाली, भीती वाटती का. म्हणलं, व्हय. स्वप्नाला उतरल्या उतरल्या सांगितलं सगळं. हसली. म्हणाली, आई, थोरल्या मावशीनं पण अशीच शपथ घेतली व्हती.

करुणा : घेतली होती?

पद्मा : तिनं घेतली आन मोडली. म्हणून माझी पण मोडली, असा हिशोब हाय तिचा. आता तर नातीला पण कामाला लावलंय. मी बाथरूममधनं भाईर आले की स्पृहा दारात उभी. "आजी, शो मी." मी आ करते. पोर वाकून बघती आन आईला सांगती, "स्टिल ब्राउन." सात वर्षाची पोर. आधी माझ्या कुशीत झोपायची. आता म्हणती, आजी लाय करती, खोटं बोलती.

करुणा : आ करा मावशी. आत नीट बघू दे मला. दाढा झिजल्या की जबडा नको तेवढा मिटतो, मग गाल आणि जीभ दातांत सापडते. हं. जीभ जरा या बाजूला घ्या. अजून. थांबा तशाच.

पद्मा : झालं?

करुणा : हे कधीपासून आहे?

पद्मा : काय?

करुणा : जिभेच्या कडेला. तुम्हाला माहीत आहे मावशी, मी कशाबद्दल विचारतेय.

पद्मा : ख्रिसमसच्या आधीपासून.

करुणा : आणि आता एप्रिलची जयंती तोंडावर आली. दुखतं का?

पद्मा : आधी झोंबायचं. आता काय न्हाई. कडक लागतं नुसतं.

करुणा : एवढे दिवस कोणाला का नाही सांगितलंत?

पद्मा : काय सांगू? सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बघ, मी म्हणत नव्हते? लावत व्हतीस. मग मेले असते तरी खोटारडी म्हणूनच मेले असते. मी घासतच राह्यले. म्हणलं, एकदा दात पांढरे झाले, तिचा इश्वास बसला, की मग दाखवीन.

करुणा : हे बघा, मी कवळ्या बनवते, मी डॉक्टर नाही. खडबडीत कवळी टोचूनसुद्धा जखम होते. तसंच असेल कदाचित. पण तज्ज्ञाने बघून, बारीक तुकडा काढून तपासल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. आणि हे लगेच व्हायला हवं. या आठवड्यात.

पद्मा : थोरलीचं असंच व्हतं. तिचं मीच पुसायची.

करुणा : तुमचं तेच आहे असं मी म्हटलं नाही.

पद्मा : न्हाई म्हणालीस. पर तुझा चेहरा बघितला मी. असं कर, आधी नवी कवळी करून दे. जयंतीला वंदनेला उभी राहीन, चार बायकांत तोंड उघडीन. मग दाखवू डॉक्टरला.

करुणा : नाही मावशी. त्या जखमेवर मी कवळी बसवणार नाही. तुम्ही रागावलात तरी नाही.

पद्मा : म्हंजे तिला सांगावंच लागणार.

करुणा : तिच्यापासून लपवून तुम्ही दवाखान्यात कशा जाणार? ट्रेनने, एकट्या? आणि तिथे तुमच्या जागी कोण बोलणार?

पद्मा : मग सांग. पर आधी घासणीचं सांग. जखमेचं मागनं. आधी जखमेचं सांगितलंस तर ती पुढचं काय ऐकायचीच न्हाई.

स्वप्ना : सॉरी, सॉरी, पार्किंग मिळता मिळेना. झालं का माप? काय झालं? दोघी अशा का बसलात?

करुणा : बस जरा. ही कवळी हातात घे आणि या भिंगातून बघ. या रेघा दिसल्या? मावशी ती तारेच्या घासणीने घासतात. बाथरूम क्लीनर लावून, दिवसातून दोनदा. तू डाग बघतेस म्हणून. त्या ओरखड्यांत चहा, हळद, काढा, सगळं जाऊन बसलंय.

स्वप्ना : घासणीने? आई, त्या क्लीनरमध्ये ब्लीच असतं! वेडी आहेस का तू?

पद्मा : आता न्हाई घासणार.

स्वप्ना : पण करुणा, ओरखडे आहेत म्हणजे मिश्री नाही, असं कुठे ठरतं? मिश्रीचे डाग काढायलाच घासत असेल.

करुणा : नाही ठरत. नुसत्या दातांकडे बघून ते मलाही सांगता येणार नाही आणि तुलाही नाही.

स्वप्ना : मग?

पद्मा : स्वप्ना, तुझी आजी मिश्री लावायची ती आठवती का? तिला पण कवळी व्हती.

स्वप्ना : हो. ओट्यावर बसून लावायची.

पद्मा : लावायच्या आधी काय करायची?

स्वप्ना : कवळी काढून वाटीत ठेवायची.

पद्मा : का?

स्वप्ना : हिरडीला चोळायची म्हणून.

पद्मा : तलफ हिरडीला असती, बाई. प्लॅस्टिकच्या दाताला कसली आलीय तलफ? मला मिश्री लावायची असती तर कवळी काढून लावली असती, चूळ भरली असती, आन कवळी घालून तुझ्यापुढं हसत बसले असते. तुला आयुष्यात डाग दिसला नसता.

करुणा : स्वप्ना? पाणी देऊ का?

स्वप्ना : नको. आई, हे तू आधी का नाही बोललीस?

पद्मा : मी न्हाई म्हणाले की तू उठून जायचीस. पुढचं कुणाला सांगू?

करुणा : अजून एक आहे. मावशी, सांगू ना?

पद्मा : सांग.

करुणा : जिभेच्या कडेला एक जखम आहे. बरेच महिने झालेत. कडा कडक आहेत. कवळी टोचून झाली असेल किंवा दुसरं काही असेल, मला माहीत नाही. पण मी आत्ताच्या आत्ता सर्जनकडे फोन लावणार आहे.

स्वप्ना : बरेच महिने म्हणजे? ती रोज माझ्यासमोर जेवायला बसते. मी रोज तिच्या तोंडाकडे बघते.

पद्मा : तू दात बघत व्हतीस.

स्वप्ना : आई.

पद्मा : रडू नगं. रडून काय व्हतंय. तुझं चुकलं न्हाई सगळं. थोरलीला तूच पाणी पाजलंस, ते काय मी इसरले?

करुणा : थांबा, लागला फोन. हाय, करुणा हिअर, फ्रॉम ब्लॅकटाउन. येस, आय नीड अ‍ॅन अर्जंट अपॉइंटमेंट. लॅटरल बॉर्डर ऑफ द टंग. शुअर, आस्क मी. वन सेक. स्वप्ना, त्या विचारतायत, पेशंट तंबाखू वापरते का?

स्वप्ना : नाही.

करुणा : पूर्वी?

पद्मा : व्हय म्हण. लगीन व्हायच्या आधीपासनं लावत व्हते. डॉक्टरला खरं कळाय पायजे.

स्वप्ना : पूर्वी हो. इथे यायच्या आदल्या दिवशी सोडली. त्यानंतर एकदाही नाही. असंच सांग त्यांना, करुणा.

करुणा : सांगितलं. गुरुवारी सकाळी बोलावलंय, वेस्टमीडच्या हॉस्पिटलमध्ये. तुकडा तेव्हाच काढतील.

स्वप्ना : मी सुट्टी टाकते. आई, मी येणार आत तुझ्याबरोबर. बाहेर बस म्हटलं तरी बसणार नाही.

पद्मा : ये. पर त्याआधी एक काम कर.

स्वप्ना : काय?

पद्मा : आत्ता फोनवर जे सांगाय लावलंस, ते घरी गेल्यावर स्पृहाला सांग. इंग्रजीत सांग. माझं मराठी तिला नीट कळत न्हाई.