बिडी मांसाहारात मोडत नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, मुख्याध्यापक भागवत सर, व्यासपीठावरील मान्यवर, शिक्षकवृंद आणि मागच्या रांगेत पदर सावरून बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो,

आमचे हे, म्हणजे आजचे सत्कारमूर्ती बंकटराव, पाटोद्याच्या या शाळेतून कारकून म्हणून निवृत्त होत आहेत. एका माणसाला इतके हार! एक पुरला असता. सगळे वक्ते म्हणाले, माणूस निर्व्यसनी, माळकरी. मी दहावी शिकलेली बाई, एवढ्या मोठ्या माणसांना खोटं कसं म्हणू? माळ घातली त्या दिवशी यांनी मटण सोडलं, हे खरं. बिडीचं विचारलं, तर म्हणाले, "बिडी काय मांसाहार हाय का?" सप्ताहात मंडपामागून धूर निघतो, तो काय उदबत्तीचा असतो?

गेल्या वर्षी फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली. यांच्या नव्हे, माझ्या. मी जन्मात बिडी ओठाला लावली नाही. खोकला सुटेना, तर गावानं टीबी ठरवून टाकला. मी अंगारा लावला, नवस बोलले. देवानं डॉक्टरकडं पाठवलं. डॉक्टरांनी विचारलं, घरात कोण ओढतं, चूल किती वर्षं फुंकली? मी उत्तरं देत होते, हे छताकडं बघत होते. गाठ लहान होती, म्हणून बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीनं काढता आली. आता म्हणे गाठीची तपासणी करून, लागू पडत असतील तर नेमक्या त्याच गाठीवरच्या गोळ्याही देतात. भेटायला आलेल्या मंडळींनी सांत्वन केलं ते यांचं. आणि माझ्या काळजीनं यांच्या बिड्या वाढल्या. एवढं प्रेम किती जणींच्या वाट्याला येतं?

डॉक्टर यांनाही म्हणाले, इतकी वर्षं ओढणाऱ्यानं खोकल्याची वाट बघू नये. बिडी सोडावी आणि दरवर्षी कमी किरणांचा सीटी स्कॅन करावा; साध्या एक्स-रेत बारीक गाठ निसटते. तेव्हापासून यांचं एकच, "मला कावून, कशापायी? मी ठणठणीत हाय. निरोप समारंभ होऊ दे, मग बघू."

तर अध्यक्षमहोदय, समारंभ झाला. उद्या सकाळी आम्हाला यांच्या स्कॅनसाठी बीडला जायचं आहे. तुम्हा सर्वांसमोर विचारते. अहो, येताय ना?

नुसती मान हलवू नका. माईकवर ऐकू येत नाही.

"येतो म्हणलं ना! बस आता खाली."

बसते. येतो म्हणाले, सगळ्यांनी ऐकलं. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर बाईमाणूस समजून पोटात घाला. यांना निरोप द्यायला तुम्ही कामधाम टाकून जमलात, मनापासून आभार. एवढ्यात पुन्हा जमायची वेळ मात्र येऊ नये.