टेकाळे सरांची उजळणी

मंडळी, एक विचारतो. दुसऱ्याला शिकवायला उभा राहिलेला माणूस — त्यानं शिकायचं कधी थांबवावं? सांगा! बरं, मग ऐका.

तालुक्याच्या कॉलेजात एक प्राध्यापक होते. विश्वंभर टेकाळे. विषय वनस्पतिशास्त्र. विद्वान माणूस हो! झाडाचं पान हातात घेतलं की त्याच्या सात पिढ्यांची माहिती सांगणार. पण तास सुरू झाला, की पोरं माना टाकायची. सर म्हणायचे, "ही पिढीच झोपाळू!"

एक दिवस प्राचार्यांनी बोलावलं. "टेकाळे सर, बढती हवी असेल तर विद्यापीठात उजळणी वर्गाला जावं लागेल."

"मी? मला काय उजळायचंय?"

"नियम आहे."

नियमापुढे देवाचंही चालत नाही, सर तर साधे प्राध्यापक! गेले. तिथं सगळे प्राध्यापकच. सगळे मागच्या बाकावर — पुढच्या बाकावर कोण बसणार? पुढं बसतो तो विद्यार्थी! म्हणून पुढची रांग रिकामी!

शिकवायला होत्या लोखंडे मॅडम. वयानं सरांच्या लेकीएवढ्या. त्या म्हणाल्या, "प्रत्येकानं थोडा वेळ शिकवायचं. आम्ही चित्रीकरण करू, मग सगळे मिळून बघू." सर खूश! म्हणाले, आता दाखवतो यांना. झाडाच्या मुळातून पाणी शेंड्यापर्यंत कसं चढतं, हा धडा घेतला. फळ्याकडे तोंड, वर्गाकडे पाठ — आणि बोलताहेत, बोलताहेत!

दुपारी जेवण झालं. श्रीखंड होतं. मग पडद्यावर लावले टेकाळे सर. आणि पडद्यासमोर बसलेले टेकाळे सर — मंडळी, हसू नका — पडद्यासमोर बसलेले सर घोरायला लागले! स्वतःच्याच तासाला! शेजारच्यानं कोपरानं ढोसलं, तेव्हा जागे झाले. पडद्यावर ते अजून बोलतच होते.

कुणी हसलं नाही. तेच त्यांना जास्त लागलं.

संध्याकाळी घरी फोन केला. "अगं, आज मी वर्गात झोपलो."

"दमला असाल," सरांच्या पत्नी शालिनीबाई म्हणाल्या.

"माझ्याच तासाला झोपलो."

मग बाई म्हणाल्या, "मलाही झोप येते हो. तुम्ही सांगायला लागलात की. वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते."

आता सांगा, अशा माणसानं जेवावं कसं? सर जेवले नाहीत.

सकाळी मॅडमकडे गेले. "मला पुन्हा शिकवायचंय."

"सर, प्रमाणपत्र मिळेल तुम्हाला. काळजी करू नका."

"प्रमाणपत्राचं नाही हो," सर म्हणाले. "इतकी वर्षं पोरांना रागावलो मी. चूक माझी होती."

मॅडमनी खुर्ची पुढं सरकवली. "बसा. काल तुम्ही एकही प्रश्न विचारला नाहीत. आज एकच विचारा. आणि मग थांबा. थांबणं अवघड असतं, सर."

उजळणी वर्ग संपला, सर कॉलेजात परतले. फळ्याकडे पाठ केली, पोरांकडे तोंड. "झाडाला पंप नाही. मग पाणी वर चढतं कसं?" आणि गप्प! कुणी बोलेना. सरांच्या जिभेवर उत्तर नाचत होतं. तरी थांबले. शेवटी खिडकीजवळची एक मुलगी उठली, नाव रेवती. कधी बोलत नसे. "सर, उत्तर नाही येत. पण रात्री झाडाला तहान लागते का?"

सगळा वर्ग सरांकडे बघतोय. आता काय म्हणावं? सर म्हणाले, "मला नक्की माहीत नाही, बाळ. उद्या शोधून सांगतो. तूही शोध."

दुसऱ्या दिवशी, मंडळी, त्या वर्गात बसायला जागा नव्हती! पोरंच आपसात वाद घालत होती, आणि सर बाकावर बसून ऐकत होते. पुढच्या बाकावर!

आता तुमचं बघू. सरांना पडदा मिळाला. तुम्हाला कोण दाखवणार? बापांनो, लेकराला उपदेश करता, त्याचे डोळे बघता का? सासूबाई, सुनेला शिकवता, तिला विचारता का कधी काही? आज घरी जा. कुणाला तरी एक प्रश्न विचारा — खरा, ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही. आणि ती व्यक्ती बोलेपर्यंत गप्प बसा. तेवढं साधलं, तर आजचं भजन देवापर्यंत पोचलं. हं, मृदंगबुवा, लावा हात!