वास गेला का?

येतो म्हणता? अजून? — काय सांगता ताई, दोनदा धुतलाय हा कोट, मी स्वतः यंत्रात टाकून, कामाच्या पोरींवर सोडला नाही. तुमच्या नाकातच बसला असेल तो. डोंगर महिनाभर जळत होता, सगळ्या गावाच्या नाकात बसलाय. — बरं, बरं, चिडू नका. येतो तर येतो. बसा जरा. ते स्टूल नको, त्याचा पाय डुगडुगतो, हे घ्या. परत धुतो मी, पैसे नकोत.

पूर्वी असं नव्हतं हो. डोंगर पेटायचा, नाही असं नाही, पण कधीतरी — लोक गच्चीवर जाऊन बघायचे. आता उन्हाळा लवकर येतो आणि जाता जात नाही, झाडं वाळून काड्या झालेली, दरवर्षी पेटतं. लोक मला म्हणतात, मजा आहे लाँड्रीवाल्याची. हो, मजाच. चादरी, गाद्यांच्या खोळी, बंद कपाटातले लग्नाचे कपडे — धूर कुठं शिरत नाही? माणसाच्या छातीला तर कपाटाएवढंही दार नाही. आमच्या हिच्या शिरला. दमा-बिमा काही नव्हता तिला, जिना पळत चढायची, वर जाऊन मलाच हाका मारायची. मग खोकला लागला, मग रात्र रात्र उशीला टेकून बसायची, मग डॉक्टर म्हणाले, हिला इथून हलवा. लेकीकडे आहे आता, समुद्राकाठी. बरी आहे. रोज फोन करते, मी दुकान आवरायला लागलो की — जेवलात का विचारते, आणि घराचा वास गेला का विचारते. गेला की येते म्हणते.

आता मी काय सांगू? मला — बोलू नका हं कुणाला — मला वासच येत नाही, ताई. गेल्या उन्हाळ्यापासून. दूध करपलं तर डोळ्यांना कळतं, नाकाला नाही. गिऱ्हाइकांना कसं सांगणार? आणि हिला तर नाहीच, कळलं की आहे तशी निघून येईल, यांच्याकडे कोण बघणार म्हणत. मागे एकदा मी ठोकून दिलं, गेला वास, ये. भिंती रंगवल्या होत्या, म्हटलं गेला असेल. आली. उंबरा ओलांडला नाही तोवर ढास लागली, पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही, आलेल्या गाडीनं परत. दोघांचा स्वयंपाक करून ठेवला होता मी. फार एकटं वाटलं त्या दिवशी. अजून वाटतं, खरं सांगायचं तर.

तुमचं नाक चांगलं आहे. कोट नुसता हातात घेतला आणि कळलं तुम्हाला. एक काम कराल? बसा, मी आणतो — हा बघा, पडदा, आमच्या झोपायच्या खोलीतला. हा शेवटचाच राहिला होता, बाकी सगळं बदललंय. तुमच्या कोटाबरोबरच टाकला, यंत्र अर्धं रिकामं होतं म्हणून. घ्या ना जवळ, संकोच कसला. नीट श्वास घ्या. घाई नाही.

नाही येत? — अजिबात? — वाटलंच होतं मला. दुपारची गाडी असते, उद्याच बस म्हणतो तिला, आज रात्रीच खोली झाडून घेतो, तिची ती निळी उशी वर कुठंतरी —

थांबा पण.

कोट आणि पडदा एकाच पाण्यातून निघालेत, ताई. कोटाला येतो आणि पडद्याला नाही, असं कसं होईल?

राहू द्या. तुमचं काही चुकलं नाही. माझं एवढं ऐकल्यावर कुणीही हेच म्हटलं असतं. द्या तो इकडे. — हिचाच फोन. कोट ठेवून जा, होईल तेव्हा या. दार तेवढं ओढून घ्या.

हं, बोल गं. — जेवतोय आता. — नाही, अजून येतोय थोडा. — अगं, मीच बघितला आत्ता पडदा नाकाला लावून. मला येतो ना वास. चांगला येतो.