हेलिकाप्टर आणि दुसरी दवंडी

...नाय, पण मी काय म्हणतो, माणसानं एकदा खरं सांगितलं तर ते खरं धरायला पन्नास वर्षं लागावीत? पन्नास! अहो, तेवढ्यात आमच्या वाडीत लाइट आली, टीव्ही आला, पाण्याची टाकी झाली, ती टाकी गळायला लागली, गळकी पाडून दुसरी बांधली, आता ती बी गळती... आन् आमचा फकिरा आजून तिथंच! "कडूबा, तू आन् हेलिकाप्टरात? अरे, तू एसटीत खिडकीपाशी बसला तर वकतोस!" वकतो ना! मी कुठं नाय म्हणतो? पण एसटीत वकणाऱ्यानं हेलिकाप्टरात बसूच नाय, हा कुठला कायदा? मी बसलोय म्हणजे बसलोय!

तुम्हाला सांगतो, बहात्तरच्या दुष्काळाच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. फुलंब्रीच्या पुढं आमची वाडी. त्या साली कपाशीवर कीड अशी पडली, अशी पडली की बोंड फोडावं तर आत अळी, पान उलटावं तर खाली अळी, सदरा झटकला तरी अळी! मग निरोप आला की हेलिकाप्टर येणार आन् वरून औषध फवारणार. आता हेलिकाप्टर म्हणलं की तुमच्या डोळ्यांपुढं ते पुढाऱ्यांचं आलं असंल, गुबगुबीत, गाद्यागिर्द्यांचं. तसलं नाय हो! हे आपलं लहानखुरं. पुढं काचेचा गोल हंडा, मागं नुसता लोखंडी सांगाडा, शिडी आडवी धरल्यावानी, खाली चाकं नायत, नुसत्या दोन दांड्या, दोन्ही अंगाला लांब नळ्या आन् नळ्यांना बारीक भोकं. दारं? दारं काढून ठेवलेली! बसणाऱ्याच्या आन् खालच्या जमिनीच्या मधी फक्त देव.

तर शेताच्या टोकाला एक माणूस लागायचा, पांढरा झेंडा धरून उभं राहायला. हेलिकाप्टर झेंड्याच्या रोखानं थेट अंगावर येणार, डोक्यावरून भर्रकन जाणार, मग आपण दहा पावलं सरकायचं, पुन्हा झेंडा. आधी बिगरऔषधाच्या तालमीत दोघांनी धरून बघितला. पहिला झेंडा टाकून पळाला, दुसरा झेंड्यासकट पळाला! मी मात्र मेंढरांमागं उभं राहण्यात जल्म काढलेला माणूस. डोक्यावर घोंगडी घेतली आन् उभा राहिलो, खांबासारखा. आन् त्यातच कोतवालाचा घसा बसला, म्हणून दवंडीचं काम बी माझ्याच गळ्यात! आवाज माझा ह्या डोंगरावरून त्या डोंगरावर जायचा तवा.

तर फवारणीच्या आदल्या दिवशी वाडीभर ढोलकं वाजवत हिंडलो. "लोकहो! उद्या दिस उगवायला फवारणी हाय! जनावरं आत बांधा, घागरी झाका, वाळवणं उचला, दारं-खिडक्या लावा, आन् दुसरी दवंडी होईस्तोवर कोणी नाक बाहेर काढायचं नाय! काढलं तर डोळे जातील होऽऽ!" आता हे डोळ्यांचं शेतकीच्या साहेबांनी सांगितलेलं नव्हतं. ते मी पदरचं जोडलं. दवंडीत जरा भ्या नसलं तर लोक ऐकतात का?

आन् घरी येऊन आमच्या सारजाला, म्हणजे आमच्या मंडळीला सांगितलं, "सगळं आत घे, पण तुझं ते माहेरचं लाल लुगडं दोरीवर राहू दे." ती म्हणली, "काहून? साऱ्या वाडीला एक न्याय आन् माझ्या लुगड्याला दुसरा?" मी म्हणलो, "राहू दे म्हणलं ना!" कारण मनात माझ्या पक्कं झालेलं. झेंडा असा सरळ धरायचा की पायलट साहेब खूश झाला पाहिजे, आन् खूश झाला की एक चक्कर मागायची. आन् वरून आपलं घर ओळखू यायला काही तरी खूण नको?

झालंही तसंच! फवारणी संपली, नळ्या आटल्या, हेलिकाप्टर माळावर बसलं. पायलट साहेब उतरला, खिशातनं रुमाल काढून तोंड पुसलं आन् म्हणला, "अरे, तू तो हिला भी नहीं! बोल, क्या चाहिए?" दुसरा असता तर म्हणला असता, साहेब, तंबाखूला काही द्या. मी म्हणलो, "साहेब, एक चक्कर. लाल लुगड्यावरनं." साहेब असा हसला, असा हसला... म्हणला, "बैठ!" आन् बसलो! मी बसलोय म्हणजे बसलोय! वाडी पायाखाली भाकरीएवढी, घरं तिळावानी, लांब देवगिरीचा किल्ला, खुलताबादचे घुमट उन्हात चमकायलेत... हे सगळं मी पन्नास वर्षं सांगत आलोय. लग्नात सांगितलं, मौतीला सांगितलं, पोलिओच्या डोसाच्या लायनीत सांगितलं.

पण ऐकणारं कोण? खाली उतरलो, साहेब लगोलग पुढच्या गावाला उडाला, मी ढोलकं घेतलं, दुसरी दवंडी दिली, दारं उघडली, लोक बाहेर आले. मी म्हणलो, "मी वर जाऊन आलो!" फकिरा म्हणला, "कोणी बघितलं?" मी म्हणलो, "कसं बघतील? सगळे आत होते!" तो म्हणला, "आत काहून होते?" मी म्हणलो, "दवंडी होती ना!" तो म्हणला, "दवंडी कोणी दिली होती?"

...मीच!

म्हणजे बघा, साऱ्या वाडीला मीच कोंडलं, बाहेर या म्हणणारा बी मीच, आन् तो मी आभाळात! असली अक्कल दुसऱ्या कोणाच्या डोक्यात येईल का? आन् वरनं घरी जातो तर लुगडं गायब. सारजा म्हणली, "वाऱ्यानं गेलं." बस. दोन दिवस बोलली नाय. मी समजलो, लुगड्याचा राग.

आता फकिरा काय माझा वैरी नाय बरं का! जिवाचा सोबती हाय. म्हणून तर जास्त लागतं. परक्यानं खोटारडा म्हणलं तर माणूस दोन शिव्या देऊन मोकळा होतो. औंदा त्याच्या डोळ्याचं आपरेशन झालं, माझे गुडघे गेले, दोघंही ऐंशीला टेकलो. आधी कोण जाईल काय नेम हाय? मी आधी गेलो तर हा तेराव्याला लाडू खाता खाता म्हणणार, "कडूबा चांगला होता, पण विमानाचं तेवढं खोटं." नाय! मी ठरवलं, ह्याला पटवल्याबिगर मरायचं नाय.

आन् मागच्या महिन्यात आमचा त्रिंबक, माझा लेक, वाळूजला कंपनीत हाय, गुडघे गेल्यापासनं मी आन् सारजा त्याच्याकडंच मुकुंदवाडीला असतो, तो म्हणला, "आबा, शहरात जुन्या यंत्रांचं प्रदर्शन लागलंय, पेपरात फोटो हाय, तुमचं ते काचेचं!" मी फोटो बघितला. तेच! तोच हंडा, तीच शिडी! तसाच वाडीला गेलो, फकिराला म्हणलो, चल. "माझ्या डोळ्यात थेंब टाकायचेत." थेंब घेऊन चल! मुकुंदवाडीला त्रिंबकच्या घरी मुक्कामाला आणला, आन् सकाळी मी, सारजा, फकिरा, त्रिंबक, सगळी वरात प्रदर्शनात.

तिथं दोरी लावलेली आन् दोरीपाशी वॉचमन. मी दोरीखालनं वाकून चाललो तर तो, "ओ चाचा! किधर कू चले? हात नई लगाने का!" मी म्हणलो, "बाबा, मी ह्यात बसलेलो हाय." तो म्हणला, "हौ, सुबे से चौथा आदमी है बोलनेवाला!" आता आली का पंचाईत! मी तिथंच सतरंजीवर बसकण मारली. म्हणलो, ह्यात बसल्याबिगर उठत नाय. त्रिंबक कानात, "आबा, लोक बघायलेत!" बघू दे! पन्नास वर्षांपूर्वी बघितलं असतं तर ही वेळ आली असती का?

मग प्रदर्शनाच्या मॅडम आल्या. गोड आवाजात, "आजोबा, तुम्ही बसला होतात याला काही पुरावा?" फकिरा मिशीत हसायला लागला. आन् तेवढ्यात मागनं सारजा म्हणली, "मी बघितलंय."

काय? मी असा गर्रकन वळलो की गुडघा वाजला!

"लुगडं उडालं म्हणून मी धावले बाहेर," सारजा मॅडमला सांगायली. "माझ्या आईनं दिलेलं लुगडं, डोळे जातील म्हणून सोडू का? वर बघते तर चिंचेच्या शेंड्यावर हेलिकाप्टर आन् त्यात हे! साहेबाचा दंड दोन्ही हातांनी आवळलेला, डोळे गच्च मिटलेले, आन् तोंडानं खंडोबा खंडोबा चाललेलं."

मी म्हणलो, "अगं, औषध जाऊ नये म्हणून मिटले होते!" ती म्हणली, "औषध कवाच संपलं होतं." मी म्हणलो, "मग पन्नास वर्षं बोलली काहून नाय?" तर काय म्हणावं तिनं? "बसल्याचं सांगितलं असतं तर डोळ्यांचं बी सांगावं लागलं असतं. मला अर्धं सांगता येत नाय."

तुम्हाला सांगतो, पन्नास वर्षं ही बाई माझा देवगिरी आन् माझे घुमट ऐकत भाकरी थापत बसली, एकदा हसली नाय! माझी अब्रू राखली तिनं. आन् मी एक लुगडं घेऊन दिलं नाय त्या बदल्यात.

पण फकिरा! फकिरा म्हणतो, "बायकोची कुठं साक्ष असती का? ती नवऱ्याचंच बोलणार!" अरे, डोळे मिटले होते म्हणती, हे नवऱ्याचं बोलणं हाय का?

मॅडमना मात्र दया आली. म्हणल्या, "बसा आजोबा, पाचच मिनिटं." दोरी सोडली. वॉचमननं बगलेत हात घालून चढवलं. बसलो हो! तीच घट्ट शीट, तोच तेलाचा वास... पुढं काच, काचेपलीकडं फकिरा तोंड वासून. छाती अशी भरून आली! त्रिंबकनं मोबाइल धरला. "आबा, इकडं बघा... एक... दोन..." काढला फोटो.

फकिरानं मोबाइल घेतला. नव्या डोळ्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणला, "कडूबा, चुकलो. तू बसला होतास. आता माझी शंभर टक्के खात्री झाली."

मी म्हणलो, "आता कशानं पटलं रे?" त्यानं मोबाइल माझ्याकडं वळवला. हेलिकाप्टर सतरंजीवर. इंजिन नाय, पंखा दोरीनं बांधलेला. आन् आत मी... वॉचमनचा दंड दोन्ही हातांनी आवळलेला आन् डोळे गच्च मिटलेले!

"सारजावहिनी म्हणली तस्सा!" फकिरा म्हणला.

आता वाडीत कोणी काही म्हणत नाय. फकिरानं तो फोटो फ्रेम करून त्याच्या ओसरीवर लावलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतो, "आमचा कडूबा बसलाय म्हणजे बसलाय!" सगळे मान डोलावतात. फक्त देवगिरी कसा दिसत होता, हे आता कोणी विचारत नाय. म्हणून म्हणतो, एकदा जाऊन किल्ला बघूनच यावा... एसटीनं. खिडकीपाशी फकिरा बसंल.